सुतारकाका, घर झालं!

काका, सप्रेम नमस्कार.

आभार मानायला लागले की तुम्ही "चहा टाका" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. सूनबाई वाचून दाखवतील.

भोरजवळच्या आमच्या दोन कौलारू खोल्यांना डोंगरातल्या लाकडी केबिनचं रूप द्यायचं, तेही ४०,००० रुपयांत, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. मोबाइलमधले फोटो दोनदा पाहिलेत. मी तर नव्या प्लायवर साखळी आपटून, पटाशीने ओरखडे काढून तो जुना दिसेल असं करा म्हणत होते! "ताई, नव्याला म्हातारं कशाला करताय? म्हातारं लाकूड पडलंय की ढीगभर," म्हणालात आणि बुधवारी मला पुण्याच्या जुन्या बाजारात नेलंत. बिजागऱ्या, कड्या, दोन कंदील तिथेच मिळाले. मग पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्याकडे. सागाच्या एकेका वाशावर हातोडीने टकटक करत तुम्ही कान लावून उभे. पोकळ वाजला की बाजूला, खाली ताजा भुगा दिसला की बाजूला. आज त्यातलेच दोन वासे आमच्या फडताळाच्या फळ्या झालेत. जुन्या खिळ्यांची भोकं मी लांबीने (पुट्टीने) बुजवायला निघाले होते. तुम्ही हातातून डबाच काढून घेतलात.

भिंतीसाठी पाइनची पॅलेट्स, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, मात्र मी परस्पर घेऊन आले होते, स्वस्त मिळाली म्हणून. तुम्ही आधी शिक्का शोधलात. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाईल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको. माझ्या अकरांपैकी तीन तशी निघाली. विकणाऱ्याने ती परत घेतली नाहीत, आणि तुम्ही ती सरपणालाही वापरू दिली नाहीत. तेव्हा राग आला होता, खरं सांगते.

फळ्या ठोकताना दोन फळ्यांच्या मध्ये रुपयाचं नाणं धरायचात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला जागा हवी. व्हार्निशची चकाकी नको म्हणून अळशीचं तेल पुसलं, तेव्हा तेलाची फडकी मी कोपऱ्यात गोळा करून टाकली होती. तुम्ही धावत येऊन ती पाण्याच्या बादलीत बुडवलीत. अशी फडकी आपोआप तापून पेट घेतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

चौकड्यांचं ब्लँकेट मागवायचं राहिलं ते राहिलंच. सासूबाईंची काळी घोंगडी खुंटीला टांगली, पिवळा दिवा लावला, झालं. फोटोतल्या केबिनसारखं काही ते दिसत नाही. मला आता ती केबिनच जरा कोरी वाटते.

हिशेब ३८,४०० वर थांबला. त्यात तुमची शेवटच्या दोन दिवसांची मजुरी नाही, कारण तुम्ही ती घेतलीच नाहीत. यावर आपलं भांडण बाकी आहे.

परवा मोठा पाऊस झाला. फळ्या फुगल्या, पण एकही उचलली गेली नाही. खिडकीजवळच्या फटीत मात्र तुमचा रुपया अडकलाय, तो आता दिवाळीपर्यंत काही निघत नाही. त्याआधी या, थालीपीठ करते.

तुमची,
भोरची ताई