आमच्या बेलीफकाकांना

ती. काका यांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चष्मा पुसायला घेता आणि विषय नळाच्या पाण्यावर नेता. पेढे दिले तर त्यातले दोन ठेवून घेतलेत, बाकीचा बॉक्स आमच्याच पोरांच्या हातात परत. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमची सबंध नोकरी बेलीफाची, म्हणजे कोर्टाचे हुकूम लोकांच्या दारी जाऊन बजावण्याची, हे वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. यात माझा थोडा स्वार्थही आहे. ठाण्यात किसननगर, पडवळनगर, हाजुरी, लोकमान्यनगर, सगळीकडे आमच्यासारखी माणसं भाड्याच्या खोलीत राहतात, आणि मालकाने ‘खाली करा’ म्हटलं की भांडी बांधायला लागतात. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर जावं.

यांचं काम सुटलं तिथपासून सगळं सुरू झालं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. कारखान्याच्या भोंग्यावर आपली गल्ली घड्याळं लावायची, असं तुम्हीच सांगता. आता एकेका शेडच्या जागी काचेची इमारत उभी राहते, आणि लेथवर उभं राहणाऱ्याला शनिवारी संध्याकाळी सांगतात की सोमवारपासून येऊ नका. हिशेब नंतर करू म्हणाले, तो ‘नंतर’ अजून आलेला नाही. दोन महिन्यांचं भाडं थकलं. मालक तसे समजूतदार, एरवी थांबलेही असते. पण २०२३ मध्ये क्लस्टरचं, म्हणजे जुन्या इमारती पाडून सगळा भाग एकत्र नव्याने बांधायच्या योजनेचं, भूमिपूजन झाल्यापासून आपल्याकडे प्रत्येक घरमालकाच्या डोक्यात एकच धास्ती आहे, की खोलीत बसलेला भाडेकरू उद्या हक्क सांगेल. त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकल्या. करार संपलाय, सात दिवसांत खोली खाली करा, नाहीतर सामान रस्त्यावर येईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून आमचा कटआउट (फ्यूज) गायब झाला, घरात अंधार.

मी फोन घेऊन तुमच्या दाराशी आले ती खरं तर टेम्पोवाल्याचा नंबर मागायला. तुम्ही तो मेसेज हात लांब धरून वाचलात आणि विचारलंत, “वॉरंट कुठाय?” मला वाटलं, तुम्हाला ऐकू कमी येतंय.

मग तुम्ही जे बोललात ते मी तसंच्या तसं लिहिते. “सबंध नोकरीत मी लोकांना घराबाहेर काढलंय. तेच माझं काम होतं. पण कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय, त्यावरच्या दरखास्तीशिवाय आणि हातातल्या ताबा वॉरंटाशिवाय मला कुणाचा उंबरा ओलांडता आला नाही. हा कोण लागून गेला?”

हुकूमनामा म्हणजे दाव्याचा निकाल, दरखास्त म्हणजे तो अमलात आणायचा अर्ज, आणि ताबा वॉरंट म्हणजे जागेचा ताबा घ्यायचा कोर्टाचा लेखी आदेश, हे तुम्हीच मग समजावलंत. तेवढ्यावर आमच्या घरात त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात का होईना, सगळे जेवले.

तुम्ही आमचा कागद मागितलात. आमच्याकडे स्टॅम्प पेपरवरचा अकरा महिन्यांचा करार, खाली नोटरीचा लाल शिक्का, कधीच मुदत संपलेला. मला तो शिक्का म्हणजे सरकारी मोहोर वाटायची. तुम्ही नखाने त्यावर टिचकी मारलीत. “ही नोटरी. नोंदणी कुठाय?” नोंदणी म्हणजे सरकारी निबंधकाच्या दफ्तरी करार नोंदवणं, नोटरीचा शिक्का म्हणजे ती नव्हे. अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, हे आपल्याकडे एजंटापासून किराणावाल्यापर्यंत सगळे छातीठोक सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्याचं कलम ५५ तुम्ही उघडून दाखवलंत. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी), महिने कितीही असोत, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने नोंदवला नाही तर कोणत्या अटींवर जागा दिली, याबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, ते वेगळं. म्हणजे जो कागद नाचवून तो मुलगा आम्हाला दम देत होता, तो त्याच्याच गळ्यात पडणारा होता.

पण तुम्ही आम्हाला हवेतही जाऊ दिलं नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. करार नोंदवलेला असता तर गोष्ट वेगळी होती, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकायला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो, आणि मुदत संपल्यानंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागू शकतो. तिथली नोटीस हातात पडल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर समोरच्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. “समन्स आलं की लोक दार लावून घेतात,” तुम्ही म्हणालात. “अरे, मी ते दारावर डकवून जायचो. बजावणी झालीच. दार लावणाऱ्याचेच दिवस गेले.” तरीसुद्धा, तिथेही बाहेर काढायला मालकाने पोरं पाठवायची नसतात, आदेश लागतोच.

थकलेल्या भाड्याचा नियमही मला आधी माहीत नव्हता. कलम १५. भाडं दिलं नाही म्हणून भाडेकरूवर दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची, आणि तिच्यानंतर ९० दिवस थांबायचं. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत सगळी थकबाकी, सालीना १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर त्या कारणाने घर जात नाही. व्हॉट्सॲपवरचे सात दिवस यात कुठेच बसत नाहीत.

विजेचं तुम्ही सर्वांत आधी हाती घेतलंत. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही, कोर्ट ती परत जोडून द्यायला लावू शकतं, हे कलम २९. तुम्ही फुलस्केप कागदावर अर्जाचा मसुदा लिहिलात, समास सोडून, एक खाडाखोड नाही. कोर्टात देण्याआधी तो घेऊन तुम्ही थोरल्या मालकांकडे गेलात आणि त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलात. मी जिन्यात उभी होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. शेवटी म्हणालात, “शेठ, तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. अंधार करून ती कशाला घालवता?” सकाळी कटआउट जागेवर होता.

चौकीत मात्र ठरलेलं उत्तर मिळालं, हा दिवाणी मामला आहे. त्यावरही तुम्ही चिडला नाहीत. तक्रार दोन प्रतींत लिहून न्यायची, एकीवर पोच घ्यायची, एवढंच. सामान खरंच बाहेर टाकलं असतं तर तो पोचेचा शिक्का कामाला आला असता, आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (इंग्रजीत स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट; नाव लिहिताना माझी दोनदा बोबडी वळली) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता आला असता. त्या दाव्यात जागा कुणाच्या मालकीची, हा प्रश्नच येत नाही. कायद्याने न काढता काढलं का, एवढंच बघतात. ती वेळ आली नाही.

आता तुमच्या रागाबद्दल. वीज आली तशी आमच्या ह्यांना जरा जोर चढला. भाडं कशाला द्यायचं आता, कोर्टात जाऊ दे त्यांना, वर्षं जातील, असं ते म्हणाले. शेजारच्या दोघातिघांनीही तोच सल्ला दिला होता. तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. “मी उभ्या जन्मात ज्यांची भांडी पंचनाम्यात लिहिली, त्यांतले निम्मे असलेच सल्ले ऐकलेले होते. डबे स्टीलचे सात, पातेली तीन, देवघर एक. बायको आत रडतेय आणि मी बाहेर उभा राहून हे लिहितोय. भाडं द्यायचंच. आज नसेल तर अर्धं द्यायचं, पण द्यायचं आणि त्याचा पुरावा ठेवायचा.”

मालकाच्या मुलाने पैसे हातात घ्यायला नकार दिला, म्हणून तुम्ही मनीऑर्डर करायला लावलीत. ती परत आली, त्यावर पोस्टमनने लिहिलं होतं, ‘घेण्यास नकार’. मला वाईट वाटलं, तुम्ही खूश झालात. तो फॉर्म तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलात. भाडं द्यायची तयारी होती आणि आहे, याचा त्याहून चांगला पुरावा नाही म्हणालात. आधीची सगळी वर्षं आम्ही रोख देत आलो आणि पावती कधी मागितली नाही. पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हे तरी कुणाला माहीत होतं? आपल्या गल्लीत पावती मागणं म्हणजे संशय घेणं समजतात. मला आता वाटतं, पावती असली की दोघांनाही एकमेकांशी नीट बोलता येतं.

कोर्टनाक्याला तुम्ही आम्हाला घेऊन गेलात तो दिवस मी विसरणार नाही, कारण तुम्हाला तिथे चहावाल्यापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे ‘या भाऊसाहेब’ म्हणत होते आणि तुम्ही आमच्या रांगेतच उभे राहिलात. वकील करायला पैसे नाहीत म्हणून आम्ही घाबरलो होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईमाणसाला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि कारखान्यातल्या कामगारालाही, हे १९८७ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. आमच्या घरात दोन्ही होते. फोनवर विचारायचं तर १५१०० हा नंबर आहे. मी तो आमच्या भिशीतल्या सगळ्यांना दिलाय.

दावा लागण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत, म्हणजे दोन्ही बाजूंना बसवून तडजोड करतात तिथे, ठेवायचं, हे तुमचंच डोकं. समोर थोरले मालक आले, मुलगा आला नाही. मालकांनी तिथे पहिल्यांदा त्यांची अडचण बोलून दाखवली. पत्नीचं डायलिसिस, खोलीच्या भाड्यावर चालणारी औषधं, आणि क्लस्टरच्या कागदपत्रांत आपलं काय होईल याची भीती. ऐकताना मला त्यांचा राग धरवेना. आम्ही थकबाकी तीन हप्त्यांत द्यायची, त्यांनी प्रत्येक हप्त्याची पावती द्यायची, मुलांची वार्षिक परीक्षा संपली की आम्ही खोली सोडायची आणि त्याच दिवशी किल्ली घेताना त्यांनी डिपॉझिट परत करायचं, असं ठरलं. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरतात आणि त्यावर अपील नाही, म्हणून कुणी फिरेल ही धाकधूक नव्हती. तुम्ही मात्र निवाड्याची प्रत दोनदा वाचलीत आणि ‘किल्ली देतेवेळी’ हे शब्द आहेत ना, ते बोट ठेवून बघितलंत.

काही जण म्हणतात, शेवटी खोली सोडलीच ना, मग मिळवलं काय? त्यांना मी सांगते, मुलं परीक्षेला स्वतःच्या घरातून गेली, डिपॉझिट पैसा न कापता मिळालं, आणि निघताना मालकांच्या पत्नीने माझी ओटी भरली. खोली त्यांची होती आणि त्यांना ती हवी होती. कधी आणि कशी सोडायची, एवढाच आमचा प्रश्न होता.

आता आम्ही लोकमान्यनगरला आहोत. ह्यांना भिवंडीत गोदामात काम लागलंय, लेथ नाही, पण पगार वेळेवर येतो. नव्या मालकाला करार नोंदवायचा म्हटल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या, खर्च फार येतो म्हणे. मी त्याला तुमच्या पद्धतीने कागदावर मांडून दाखवलं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर सालीना दहा टक्के धरून तेही त्यात मिळवायचं. आमचं भाडं नऊ हजार आणि डिपॉझिट तीस हजार, म्हणजे अकरा महिन्यांचे तीनशेच्या आतच. नोंदणी फी शहरात एक हजार. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो. निम्मे निम्मे भरू म्हटल्यावर तयार झाला. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही त्यानेच दिली.

तुमचं ते कायद्याचं पुस्तक, पुठ्ठा सुटलेलं, अजून माझ्याकडेच आहे. कलम १६ चं पान फाटत चाललं होतं, ते चिकटवलंय. मालकाला कोणत्या कारणांनी जागा मागता येते ते सगळं त्यात आहे, आणि पडवळनगरच्या माझ्या नणंदेला सध्या तेच हवंय. तिचा मालक स्वतःच्या मुलासाठी खोली हवी म्हणतोय. कोणाला जास्त अडचण होईल हे कोर्ट तिथे तोलून बघतं, एवढं मी तिला सांगितलं, पुढचं माझ्या आवाक्याबाहेर आहे. रविवारी तिला घेऊन येते. पुस्तकही आणते. पेढे आणणार नाही, काकूंना आवडतात त्या अळूवड्या आणते, त्या परत पाठवायच्या नाहीत.

आपली,
समोरच्या चाळीतली तुमची सूनबाई