रडकं गाणं म्हणे!

प्रिय मन्या,

कसा आहेस वगैरे नंतर, आधी भांडतो. परवा फोनवर तू 'फ्युरियस ७' पिक्चरमधल्या 'सी यू अगेन' गाण्याला रडकं म्हणालास, आणि वर त्यातलं रॅप म्हणजे चांगल्या शर्टाला लावलेलं ठिगळ, तेव्हा माझी बॅटरी संपत आली होती म्हणून वाचलास, नाहीतर तिथेच झाली असती.

हे बघ, त्यातला हिरो पॉल वॉकर गेला २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, कार अपघातात, आणि 'फ्युरियस ७'चं शूटिंग अर्धवट. मग त्याच्या जागी त्याचे दोन भाऊ उभे केले, कॉम्प्युटरवर चेहरा बसवला, शेवट बदलला, आणि २०१५ ला पिक्चर आला. त्या शेवटासाठी गाणं हवं होतं. चार्ली पुथला तेव्हा कोण ओळखत होतं? त्याने ते धृपद म्हणे दहा मिनिटांत लिहिलं, आणि लिहिताना त्याच्या डोक्यात वॉकर नव्हताच रे, त्याचा स्वतःचा मित्र होता, बाईक अपघातात गेलेला. मला हे कळलं तेव्हापासून ते पियानो ऐकताना वेगळंच वाटतं.

आता तुझं ठिगळ. पुथ वरच्या पट्टीत जातो, गळा दाटून आल्यासारखा, आणि तेच चार मिनिटं चाललं असतं तर मी पण तुझ्यासारखंच रडकं म्हणालो असतो. पण मध्ये विझ खलिफा येतो, बीट घेऊन, आणि तो रडतच नाही. तो बोलतो. किती लांब आलो आपण, काय काय केलं, असं, माणूस गेल्यावर लोक घरी जमतात ना, तेव्हा कोपऱ्यात बसून एखादा जुना दोस्त हळू आवाजात किस्से सांगत असतो आणि मध्येच हसतो पण, तसं. यमकं साधी आहेत, मान्य, पुढचा शब्द काय येणार ते आधीच कळतं. पण त्या जागी फार हुशार यमकं आली असती तर मला रागच आला असता. आणि त्याचं बोलून झालं की तेच धृपद परत येतं, तेव्हा ते पहिल्यापेक्षा जड लागतं. रॅप काढून बघ, नाही लागणार.

बाकी अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत एकूण १२ आठवडे एक नंबर, ते सोड. २०१७ च्या जुलैत यूट्यूबवर 'गंगनम स्टाईल'ला मागे टाकून सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ झाला (घोडा डान्सला पियानोने हरवलं, विचार कर!) आणि महिन्याच्या आत 'देस्पासितो'ने ती जागा घेतली. ग्रॅमीला तीन नॉमिनेशन, हातात एकही नाही, आणि ऑस्करवाल्यांनी तर नॉमिनेशन पण दिलं नाही, याचा राग मला अजून आहे.

आणि एक सांगू का, पिक्चरच्या शेवटी वॉकरची ती पांढरी सुप्रा गाडी वेगळ्या रस्त्याला लागते आणि कॅमेरा वर आभाळात जातो, तेव्हा मी खाली वाकून बुटाची लेस बांधत होतो. मी चपला घालून आलो होतो मन्या. लाइट लागले तर तू चष्मा पुसतोयस, म्हणे एसीमुळे वाफ आली.

मी तेव्हा काही बोललो नव्हतो.

तुझाच,
पक्या

ता.क. हेडफोन लावून ऐक एकदा, मग फोन कर. बॅटरी फुल ठेवतो.