पान सगळे नको, नवा मेसेज तेवढा पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरण्या आटोपल्या की शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आणि सल्ला केंद्रांच्या वेबसाइटवरचे चॅट भरू लागते. सोयाबीन पिवळे का पडले, पऱ्हाटीवर बोंडअळी दिसली तर काय फवारायचे, हे माणूस वावरातूनच विचारतो. पण यातल्या कित्येक ठिकाणी उत्तर आले की नाही हे बघायला पान रिफ्रेश करावे लागते. काही ठिकाणी तर पान ठरावीक सेकंदांनी आपोआप नव्याने उघडते. हा दुसरा प्रकार जास्त त्रासाचा, कारण अर्धवट लिहिलेला प्रश्न पुसला जातो आणि वाचत असलेली जागाही हरवते. अशी कामे करून देणाऱ्या मुलामुलींसाठी आणि ती करवून घेणाऱ्या संचालक मंडळांसाठी हे पत्र आहे.

पान न हलवता मागच्या मागे सर्व्हरला विचारण्याची सोय ब्राउझरमध्ये 1999 पासून आहे. आता त्यासाठी ‘फेच’ नावाचे सोपे फंक्शन मिळते. फरक किती पडतो ते बघा. पान 400 केबीचे धरले आणि ते दर 10 सेकंदांनी पूर्ण उतरले, तर तासाला 360 वेळा म्हणजे 144 एमबी डेटा जातो. फक्त ‘नवीन काही आहे का’ एवढेच विचारले, तर येण्याजाण्याचे मिळून दीड केबी धरले तरी तासाला साधारण अर्धा एमबी होतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत जिथे रेंज एका काडीवर असते, तिथे चॅट चालणे आणि न चालणे एवढा हा फरक आहे.

रीत अशी. पहिल्यांदा पान उघडताना शेवटचे 30 मेसेज द्यायचे. सोबत शेवटचा क्रमांक द्यायचा, समजा 4127. पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझरने ‘4127 नंतरचे द्या’ एवढेच मागायचे. नवीन नसेल तर सर्व्हरने रिकामी यादी द्यायची. असेल तर तेवढेच मेसेज द्यायचे आणि ब्राउझरने ते यादीच्या तळाशी जोडायचे. एका वेळी 50 पेक्षा जास्त देऊ नयेत, म्हणजे आठ दिवसांनी आलेल्या माणसाचा फोन अडकत नाही. इथे वेळेवर विसंबून चालत नाही. ‘10 वाजून 15 मिनिटे 20 सेकंदांनंतरचे द्या’ असे मागितले आणि त्याच सेकंदात दोन मेसेज पडले, तर दुसरा कायमचा सुटू शकतो.

क्रमांकाच्या रीतीतही एक धोका आहे आणि शेतीच्या चॅटमध्ये तो गंभीर ठरतो. तज्ज्ञाने घाईत ‘10 लिटर पाण्यात 30 मिली’ लिहिले आणि मिनिटाभरात ते दुरुस्त करून ‘3 मिली’ केले. मेसेज जुनाच, क्रमांक तोच, म्हणून ‘4127 नंतरचे’ मागणाऱ्या फोनवर दुरुस्ती पोचतच नाही. शेतकऱ्यासमोर 30 मिलीच राहते आणि पंप त्याच हिशेबाने भरला जातो. म्हणून क्रमांक मेसेजला नव्हे, बदलाला द्यावा. बदलांच्या नोंदीचे वेगळे टेबल ठेवावे. नवा मेसेज, दुरुस्ती, काढून टाकणे या प्रत्येकाची त्यात एक ओळ पडावी आणि ब्राउझरने त्या टेबलाचा शेवटचा क्रमांक लक्षात ठेवावा. बदल ज्या मेसेजचा आहे तो पानावर आधीच असेल तर जागच्या जागी बदलायचा, नसेल तर खाली जोडायचा. दुरुस्त मेसेजवर ‘दुरुस्त केले’ ही खूण ठळक दिसलीच पाहिजे.

विचारणा किती वेळाने करावी? 5 सेकंद पुरेत. दोनतीन मिनिटे कोणी बोलले नाही तर 15 वर न्यावे. मात्र उत्तराची वाट न पाहता ठरावीक अंतराने काम करत राहणारे ‘सेटइंटरव्हल’ फंक्शन वापरू नये. रेंज मंद असली की पहिले उत्तर यायच्या आत दुसरी विचारणा निघते, मग तिसरी. उत्तरे उलटसुलट क्रमाने येतात आणि एकच मेसेज दोनदा दिसतो. पहिले उत्तर आल्यावर, किंवा 10 सेकंद वाट पाहून ती विचारणा रद्द केल्यावर, ठरलेल्या वेळाने एकदाच काम करणाऱ्या ‘सेटटाइमआउट’ने पुढची लावावी. लागोपाठ अपयश आले तर अंतर 5, 10, 20, 40 असे वाढवत 60 सेकंदांवर थांबवावे आणि त्यात एकदोन सेकंदांचा यादृच्छिक फरक ठेवावा. लाइन गेल्यावर टॉवर बंद पडतो आणि परत आला की गावातले सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर धडकतात. तो फरक त्यासाठी आहे. स्क्रीन बंद असताना किंवा दुसरा टॅब समोर असताना विचारणा थांबवावी आणि पान पुन्हा समोर येताच लगेच एकदा करावी.

‘फेच’ला सर्व्हरचे 500 क्रमांकाचे, म्हणजे सर्व्हरमध्ये बिघाड झाल्याचे, उत्तर चूक वाटत नाही, ते आपल्याला तपासावे लागते. लॉगिनची मुदत संपली की बरेच सर्व्हर मेसेजच्या यादीऐवजी लॉगिनचे पान पाठवतात. ते वाचता न आल्याने चॅट गुपचूप गोठते आणि माणसाला वाटते, कोणी उत्तरच देत नाही. अशा वेळी ‘जोडणी तुटली, प्रयत्न चालू आहे’ किंवा ‘पुन्हा लॉगिन करा’ अशी ओळ मराठीत दाखवावी.

पाठवण्याच्या बाजूलाही काळजी हवी. मेसेज सर्व्हरवर पोचतो, पण ‘पोचला’ हे उत्तर वाटेत हरवते; माणूस पुन्हा बटण दाबतो आणि प्रश्न दोनदा पडतो. फोननेच प्रत्येक मेसेजला एक वेगळी खूण द्यावी आणि डेटाबेसमध्ये त्या खुणेवर युनिक इंडेक्स लावावा, म्हणजे तीच खूण दुसऱ्यांदा घेतली जात नाही. लिहीत असलेला मजकूर ‘लोकलस्टोरेज’मध्ये, म्हणजे ब्राउझरच्या फोनवरच्या साठवणीत, ठेवला की फोन बंद पडला तरी प्रश्न वाचतो. आलेला मेसेज पानावर ‘टेक्स्टकंटेंट’नेच, म्हणजे निव्वळ मजकूर म्हणून, मांडावा. मजकूर पानाचा कोड म्हणून वाचणारे ‘इनरएचटीएमएल’ वापरले तर एखाद्याने मेसेजमध्ये घुसवलेला कोड सगळ्यांच्या फोनवर चालतो.

मराठीपुरत्या दोन गोष्टी फार ठिकाणी सुटतात. पीएचपी ही सर्व्हरवरची प्रोग्रामिंग भाषा यादी ‘जेसन’ या मांडणीत पाठवताना नेहमीच्या सेटिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सहा बाइटच्या सांकेतिक रूपात पाठवते; ‘शेतकरी’ हा सहा चिन्हांचा शब्द 36 बाइटचा होतो. ‘जेसन अनएस्केप्ड युनिकोड’ हा पर्याय दिला की तोच 18 बाइटमध्ये जातो. दुसरे म्हणजे, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलाची अक्षरपद्धत ‘यूटीएफ8एमबी4’ हवी. जुन्या तीन बाइटच्या ‘यूटीएफ8’मध्ये मराठी नीट बसते, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण कोणी इमोजी टाकला की मेसेज अडतो किंवा अर्धा कापला जातो.

वाचणारा वर जुने मेसेज बघत असेल तर नवा आल्यावर त्याला खाली ओढू नये; ‘2 नवे मेसेज’ अशी पट्टी दाखवावी. तो तळाशीच असेल तर मात्र पान सरकवावे.

‘वेबसॉकेट लावा’, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये सतत उघडी राहणारी दुहेरी जोडणी ठेवा, असा सल्ला हमखास मिळतो. त्याचे मानक 2011 मध्ये आले आणि ते उत्तम आहे, पण जोडणी तुटल्यावर ती पुन्हा जोडण्याचे काम आपल्यालाच लिहावे लागते आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट) ते बहुधा चालत नाही. ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’मध्ये सर्व्हर उघड्या जोडणीवरून एकतर्फी मेसेज पाठवत राहतो, ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडतो आणि शेवटचा क्रमांकही कळवतो, म्हणून स्वतःचा सर्व्हर असेल तर आमची पसंती त्याला. तिथे पुढे बसणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे बफरिंग (उत्तर साठवून ठेवणे) बंद करायला विसरू नये, नाहीतर मेसेज साचून एकदम येतात. दर 15-20 सेकंदांनी एक रिकामी ओळही पाठवावी, कारण एनजिनएक्स 60 सेकंद काही न आल्यास जोडणी तोडतो. पीएचपीवर मात्र उघडी राहिलेली प्रत्येक जोडणी एक वर्कर, म्हणजे एका वेळी एकच विनंती हाताळणारी प्रक्रिया, अडवते. 20 वर्कर असतील तर एकविसावा शेतकरी ताटकळतो. तिथे साधी विचारणाच बरी.

संचालकांना एक विनंती. शेवटचा हप्ता देण्याआधी साध्या फोनवर चॅट उघडा. अर्धा प्रश्न लिहा, फोन एरोप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून दोन मेसेज पाठवा आणि एक जुना मेसेज दुरुस्त करा. मग पहिल्याचे नेट चालू करा. मिनिटाभरात दोन्ही मेसेज एकेकदाच दिसले, दुरुस्ती पोचली आणि तुमचा अर्धा प्रश्न जागेवर असला, तरच पैसे द्या.

आपले,
शेतकरी गटांच्या वेबसाइट सांभाळणारे काही जण,
ता. आर्वी, जि. वर्धा