माउंट रशमोरवरून मागे फिरू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिका टूरवरचा लेख वाचला, त्यात बायसन (अमेरिकेतले रानटी बैल) बघायचे तर यलोस्टोन नॅशनल पार्क एवढं लिहून विषय संपवलाय आणि फोटोखाली चक्क 'रानगवा' छापलंय. अहो आम्ही कोल्हापूरची माणसं, दाजीपूरचे गवे लहानपणापासून बघतोय. आपला गवा तुकतुकीत काळा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. हा बायसन पुढून नुसता केसाळ, मागून भादरल्यासारखा, आणि डोकं इतकं खाली की मान आहे का नाही तेच कळत नाही.

मुलाकडे गेलो होतो तेव्हा टूरवाल्याने साउथ डकोटा राज्यातल्या माउंट रशमोरला (डोंगरात अमेरिकी अध्यक्षांचे चेहरे कोरलेत तिथे) फोटो काढायला सोडलं आणि बस तशीच परत फिरवली, अर्ध्या तासावर कस्टर स्टेट पार्क आहे हे बोललाच नाही! पुढच्या खेपेला मुलाने स्वतःची गाडी काढली. तिथे 18 मैलांचा वाइल्डलाइफ लूप रोड आहे, हजाराच्या वर बायसन, कळप रस्त्यावर आला की ट्रॅफिक ठप्प, हॉर्न कोणी मारत नाही. एक नर इतका गाडीला चिकटून गेला की साइड मिररवर त्याच्या श्वासाची वाफ धरली, आमची मिसेस तर देवाचं नाव घेत बसली. खाली उतरायचं धाडस करू नका, हे धूड ताशी 55 किलोमीटरने पळतं आणि शेपटी उभी केली की समजायचं काही खरं नाही.

शेजारीच विंड केव्ह पार्क, तिथले कळप 1913 साली न्यूयॉर्कच्या झूमधून आणलेल्या 14 बायसनपासून वाढले. अमेरिकेत बायसन एकेकाळी कोटींनी होते, शिकारीपायी 1880 च्या दशकात हजारसुद्धा उरले नव्हते.

मला विचाराल तर सगळ्यात भारी त्याच राज्यातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कचा सेज क्रीक रिम रोड. कच्चा, खडीचा रस्ता, पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका, पण सकाळी लवकर गेलात तर लांबवर गवतात काळे ठिपके दिसतात आणि बघता बघता ते ठिपके चालायला लागतात. मे महिन्यात गेलात तर विटकरी रंगाची पिल्लं दिसतील, जुलै-ऑगस्टला नरांची झुंज. डॅलसकडे पाहुणे असतील त्यांनी ओक्लाहोमात पाहुस्काजवळचा टॉलग्रास प्रेअरी प्रिझर्व्ह हा राखीव गवताळ माळ बघावा, तिथे सप्टेंबरच्या सुमारास गवतच माणसाएवढं होतं.

बाकी लेख चांगला होता, फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करा.

एक वाचक, कोल्हापूर