चित्रकार बर्वे नागावचे, हे अलिबागच्या मुलांना कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने लिहिले होते, की अमूर्त चित्रकला, म्हणजे ओळखीची वस्तू न काढता नुसत्या रंग-आकारांची चित्रे, हे बाहेरून आलेले खूळ आहे, कोकणच्या मातीशी त्याचा काही संबंध नाही. चित्र न कळण्याचा हक्क सगळ्यांना आहे. प्रदर्शनांच्या कॅटलॉगमधली भाषा वाचून माझेही डोके उठते. पण मातीचा विषय निघालाच आहे, तर मातीतलेच बोलू.

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा संच, घ्या. गोल पाने १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजा आणि प्रधान या दोन पानांवर देव-माणसे दिसतात. उरलेल्या दहांवर? मत्स्याच्या पानांवर नुसते मासे, आकड्याइतके. परशुरामाच्या पानांवर नुसते परशू. प्रलय नाही, मनूची नाव नाही, क्षत्रियांशी युद्ध नाही. अख्खे पुराण एका खुणेत आटवलेले. आता तीच खूण नऊ वेळा काढायची, तर गोलात बसवायची कशी, मधली जागा किती मोकळी ठेवायची, काठाची नक्षी कुठे थांबवायची? इथे चिताऱ्याला पुराण फारसे मदत करत नाही, त्याला रचनाच सोडवावी लागते. सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात हे काम पुन्हा उभे केले, म्हणून ते आज चालू तरी आहे. पर्यटक ती पाने शोभेची वस्तू म्हणून घेऊन जातात. घेऊन जावीत, पण घरी गेल्यावर एकदा नीट बघावीतही.

तीच गोष्ट काव कामाची. सिंधुदुर्ग-गोव्यापासून खाली कर्नाटकच्या किनाऱ्यापर्यंत काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ते टिकून आहे. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेलबुट्टी, देव, पक्षी, सगळे खरवडण्यातून येते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे मूळ गोव्याकडच्या कुटुंबातले, जन्म नागपूरचा. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचे थर चढवत आणि उतरवत. त्यांनी हे देवळातून उचलले असे मी म्हणत नाही, तसा दावा करणे खोटेपणाचे होईल. पण तांबड्या थराखालचा पांढरा पाहत वाढलेल्या माणसाला गायतोंड्यांच्या कॅनव्हासपुढे इतके परके वाटायचे कारण नाही.

आता मुद्द्याचे. प्रभाकर बर्वे १६ मार्च १९३६ रोजी आपल्या नागावात जन्मले. सासवन्याचे शिल्पकार करमरकर त्यांच्या नात्यातले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून ते सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले आणि १९६१ मध्ये वाराणसीला गेले. तिथे तंत्रमार्गातली यंत्रे (पूजेच्या भौमितिक आकृत्या), चिन्हे, त्यांचे भडक रंग त्यांच्या चित्रांत शिरले. मुंबईला परतल्यावर तो भडकपणा हळूहळू ओसरला आणि पान, घड्याळ, शंख अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात येऊन बसल्या. याला पूर्ण अमूर्त म्हणावे का, यावर जाणकार भांडतील, भांडोत. मला गंमत वाटते ती त्यांच्या रंगाची. कॅनव्हासवर ते इनॅमल वापरत, म्हणजे आपण दारे-खिडक्या रंगवतो त्या जातीचा रंग. शिवाय चित्रामागचा विचार त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मराठीतच लिहून ठेवला आहे. परके, परके म्हणतात ते हेच का?

मी बरीच वर्षे चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांकडून संकल्पचित्र करून घेताना आम्ही सांगायचो: चौकोन भरा, रंग काठाबाहेर जाऊ देऊ नका. मोकळी जागा सोडणाऱ्या मुलाचे गुण जायचे. सहल सासवन्याला जायची, मुले करमरकरांच्या सिमेंटच्या म्हशीवर हात फिरवून खूश व्हायची आणि बस परतायची. तिथून नागाव काही लांब नाही, पण त्या गावात जन्मलेल्या चित्रकाराचे नाव बसमध्ये कोणी काढत नसे. अलिबाग तालुक्यातल्या किती शाळांच्या भिंतींवर आज बर्व्यांच्या एखाद्या चित्राची छापील प्रत असेल?

संग्रहालयाची मागणी मी करत नाही. ती केली की समिती नेमली जाते. सुरुवात आपणच करावी: १६ मार्चच्या आसपासच्या रविवार पुरवणीत, रीतसर परवानगी घेऊन, बर्व्यांचे एक चित्र अर्धे पान रंगीत छापावे. कात्रण कापून वर्गात लावायला कलाशिक्षक आहेत. शेजारी गंजिफाचे एक पानही छापा, मत्स्याचे नववे चालेल. जाहिरात मात्र मागच्या बाजूला अशी घ्या, की तिची शाई पुढे उमटणार नाही.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक
रेवदंडा, ता. अलिबाग