दशक्रिया घाटावर झाडं लावण्यासाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी आणि माहेरवाशिणींना नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात घाटावरचा जुना वड उन्मळून पडला. तेव्हापासून दहाव्याला आलेले लोक उन्हात ताटकळतात, पिंडाला कावळा काही शिवत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागतं. मागं एकदा तर यावरून भावाभावांत जुंपली, 'तात्यांची इच्छा राहिली ती तुझ्यामुळं!'

तात्यांना कशाला मध्ये आणायचं? कावळा मुळात सावध. माणूस आपल्याकडं बघतोय का, यावर त्याचा डोळा असतो. आपण चाळीस जण पिंडाभोवती कोंडाळं करून मोबाइल रोखतो, मग तो येणार कसा? कुणीतरी 'धाकटीचं लग्न आम्ही करू' म्हणतं, सगळे हात जोडून मागं सरतात, माना खाली जातात, आणि नेमका तेव्हाच तो उतरतो. श्रद्धा ज्याची त्याची, पण चार पावलं आधीच मागं सरावं.

अमेरिकेत सिएटलला 2006 साली जॉन मार्झलफ या प्राध्यापकांनी मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करायचे, कधी न पकडलेलेसुद्धा. आपला गावकावळा त्यांचाच भाऊबंद. तेव्हा घरट्याजवळ डोक्यावर टोच बसली तरी घरटं पाडू नका.

वडाचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, हा मोबाइलवर फिरणारा मजकूर खरा नाही. वडाची जाड फांदी खोचली तरी धरते. म्हणून वाट न बघता आपणच घाटावर वड, पिंपळ, उंबर आणि करंज मिळून 11 झाडं लावायची आहेत. खड्डे वैशाखातच खणायचे, लावणी पहिल्या पावसात. त्यासाठी लोखंडी जाळ्या, शेणखत आणि दोन उन्हाळे पाण्याचा टँकर लागेल. एका जाळीचा खर्च एका घरानं उचलला तरी पुष्कळ झालं. जाळीवर दिवंगतांचं नाव घालू. देणगीची पावती ग्रामपंचायतीतच घ्यावी, रस्त्यात कुणाच्या हातात पैसे देऊ नयेत. पैसे नसतील त्यांनी श्रमदानाला पहार-घमेलं घेऊन यावं.

अजून एक. कावळ्यानं आंब्यावर, करंजावर घरटं केलं तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर केलं तर ओढ, असं जुनी माणसं सांगतात. यंदा शाळेची मुलं घरट्यांची वही ठेवणार आहेत. आपल्या बांधावर घरटं दिसलं तर झाडाचं नाव मुलांना सांगा, दिवाळीला ताडून बघू.

आपली,
घाट व वृक्ष समिती