तिरकामठा धरायला जागा तरी द्या

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या किनवट भागात आजोबांच्या पिढीत घरोघरी तिरकामठा असायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, ते बरोबरच झालं, जनावरं वाचलीच पाहिजेत, पण त्यासोबत लेकरांचा हातही सुटला त्याचं काय? माझी पोरगी बांबूच्या धनुष्यावर शिकते, कडबा ठासून भरलेलं पोतं हेच टार्गेट. सोयाबीन निघालं की वावर मोकळं होतं, तेवढे चार दिवस प्रॅक्टिस, मग हरभरा पेरला की बंद. जंगलाकडं धनुष्य घेऊन गेलं की लोक शिकारीच समजतात आणि गावात बाण सोडायचा तर मागं माणसं, ढोरं. रिकर्व्हला (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) ७० मीटर, कंपाउंडला (टोकांना चाकं लावलेलं धनुष्य) ५० मीटर अंतर लागतं, वर मागं मातीचा उंच बांध पाहिजे, एवढी सेफ जागा आणायची कुठून? आधी सोबत सात-आठ पोरं होती, आता दोघीच उरल्यात.

२०२३ ला बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे वर्ल्ड चॅम्पियन झाले, मग मराठवाड्यातून का नाही? तालुक्याला गायरानाचा एक तुकडा कुंपण घालून द्या, कोच आठवड्यातून दोनदा आला तरी चालेल.

– एक पालक, ता. किनवट, जि. नांदेड